लाकडातील लिग्निन, धातूचा क्षार आणि कार्बनचे अतिसूक्ष्म तंतू



कार्ले येथील चैत्यगृह पाहून आलेल्या उपासक-उपासिकांना तेथील छताच्या लाकडी कमानी आठवत असतीलच. डोंगराच्या पोटात कोरलेल्या छताला लाकडाच्या आधाराची वास्तविक काहीच गरज नाही. तरीही पूर्वीच्या लाकडी वास्तूंची परंपरा जपण्यासाठी कारागिरांनी त्या फासळ्या तेथे बसविल्या आणि सुमारे दोन हजार वर्षे त्यांतील पुष्कळशा जागच्या जागी टिकून आहेत. भाजे येथील लाकडी फासळ्यांवर तर ब्राह्मी अक्षरेही आढळली आहेत. मावळातला पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे नवल वाटल्यावाचून राहणार नाही. सागवानातील तेलकट द्रव्यांचा यात वाटा आहेच. परंतु मुळात लाकडाला कणखर बनविणारा, पाणी व कीड सहजासहजी आत शिरू न देणारा जो पदार्थ आहे त्याचे नाव लिग्निन. सदर लेखात याच पदार्थाचा आणि त्यापासून कार्बनचे अतिसूक्ष्म तंतू बनविण्याच्या प्रयत्नांचा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे. विशेषतः या कामी धातूचा क्षार थोड्या प्रमाणात मिसळला असता काय घडते, यावर आमचा भर राहील. विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी हा विषय पेन्सिल हातात घेऊन वाचावा, अशी आमची अपेक्षा आहे.

लिग्निन म्हणजे काय?

घराचा स्लॅब टाकताना लोखंडी सळया आणि सिमेंट वापरतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. लाकडाची रचना जवळजवळ तशीच आहे. सेल्युलोजचे लांब धागे म्हणजे सळया आणि त्यांच्याभोवती भरलेले लिग्निन म्हणजे सिमेंट. वाळलेल्या लाकडाच्या वजनात पाचव्या हिश्श्यापासून जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यापर्यंत लिग्निन असते. १८१३ साली स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ डी कँडोल यांनी लॅटिन भाषेतील लाकूड या अर्थाच्या ‘लिग्नम’ शब्दावरून हे नाव दिले.

सेल्युलोज हा शिस्तीचा पदार्थ आहे. ग्लुकोजचा एकच मणी एकाच पद्धतीने ओवून त्याची माळ बनते. लिग्निनचे तसे नाही. कौमारिल, कोनिफेरिल आणि सिनॅपिल अल्कोहोल असे तीन प्रकारचे मणी, ते एकमेकांना जोडण्याच्या अनेक तऱ्हा आणि क्रम काहीच नाही. त्यामुळे देवदाराचे लिग्निन वेगळे, निलगिरीचे वेगळे, बांबूचे वेगळे. इतकेच नव्हे तर एकाच झाडाचे लिग्निन दोन निरनिराळ्या पद्धतींनी काढले तर तेही सारखे राहत नाही. ही गोष्ट विद्यार्थ्यांनी पक्की लक्षात ठेवावी, कारण पुढील बहुतेक अडचणींचे मूळ येथेच आहे.

पण याच अव्यवस्थित पदार्थात एक मोठा गुण आहे. सेल्युलोजच्या वजनात कार्बन सुमारे ४४ टक्के असतो, तर लिग्निनमध्ये तो ६० टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्याचा बराचसा भाग बेंझिनसारख्या सहा अणूंच्या कड्यांत आधीच बांधलेला असतो. ज्याला कार्बन हवा आहे त्याची नजर लिग्निनकडे वळावी हे स्वाभाविक आहे.

कागद कारखान्यातील काळे पाणी

कागदाला सेल्युलोज हवे असते, लिग्निन नको असते. वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदात ते राहून जाते, म्हणूनच घरोघरी जपून ठेवलेले ‘प्रबुद्ध भारत’सारख्या पत्रांचे जुने अंक पिवळे पडून ठिसूळ होतात. चांगला कागद बनविताना लिग्निन काढून टाकावे लागते. त्यासाठी जगभर मुख्यतः क्राफ्ट पद्धत वापरतात. जर्मनीत कार्ल डाल यांनी १८७९ च्या सुमारास ती शोधली. लाकडाच्या चिपा कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांच्या द्रावणात सुमारे १७० अंश सेल्सिअसला शिजवितात. सेल्युलोजचा लगदा उरतो आणि लिग्निन विरघळून जो काळा, उग्र वासाचा द्रव बनतो त्याला कारखान्यात ‘ब्लॅक लिकर’ म्हणतात.

चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरचा कागद कारखाना आपल्या विदर्भातील वाचकांना माहीत आहे. अशा मोठ्या कारखान्यांत ब्लॅक लिकर आटवून खास बॉयलरमध्ये जाळतात. त्यातून वाफ मिळते व सोडाही परत मिळतो. म्हणजे लिग्निन तेथे अगदीच वाया जाते असे म्हणणे योग्य नाही. ते जळण म्हणून वापरले जाते. खरा प्रश्न लहान कारखान्यांचा होता. गव्हाचा पेंढा, उसाची चिपाडे यांवर चालणाऱ्या अनेक छोट्या गिरण्यांना असा बॉयलर परवडत नसे. शिवाय पेंढ्यातील व बांबूतील वाळूसारख्या सिलिकामुळे तो नीट चालतही नसे. मग ते काळे पाणी ओढ्यात आणि नदीत जाई. लिग्निन सहज कुजत नाही, त्यामुळे पाण्याचा तपकिरी रंग मैलोन्‌मैल तसाच राहतो. नदीच्या खालच्या अंगाला राहणारी वस्ती कोणाची असते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको.

जगात कागद उद्योगातून दरवर्षी पाच कोटी टनांहून अधिक लिग्निन वेगळे होते असा सर्वसाधारण अंदाज आहे. त्यातील फार थोडे जळणाखेरीज अन्य कामी येते. काँक्रीटमध्ये मिसळण्याचे द्रव्य त्यापासून बनते. नॉर्वेतील बोरेगार्ड कंपनी तर १९६२ पासून लाकडापासून व्हॅनिलिन, म्हणजे आइस्क्रीममधील व्हॅनिलाचा वास, तयार करीत आली आहे. २०१३ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील प्लायमथ येथे ब्लॅक लिकरमधून शुद्ध लिग्निन वेगळे करण्याचा ‘लिग्नोबूस्ट’ पद्धतीचा पहिला व्यापारी कारखाना सुरू झाला. ही पद्धत मूळ स्वीडनमधील. तेव्हापासून लिग्निन पोत्यांत भरून विकता येईल असा कच्चा माल बनला आणि संशोधकांचा उत्साहही वाढला.

तंतू कसा निघतो?

कार्बनचा तंतू ही कल्पना जुनी आहे. एडिसन यांनी १८७९ मध्ये सुती धागा जाळून केलेला कार्बनचा तंतू विजेच्या दिव्यात वापरला. पुढे त्यांनी जपानमधील क्योटोजवळचा बांबू पसंत केला. आज विमाने व धावण्याच्या शर्यतीतील मोटारी ज्यांपासून बनतात ते मजबूत कार्बन तंतू मात्र पॉलिॲक्रिलोनायट्राइल या खनिज तेलापासून मिळणाऱ्या पदार्थाचे असतात. जपानच्या अकिओ शिंदो यांनी १९६० च्या सुमारास तो मार्ग दाखविला. या कच्च्या मालावरच तंतूच्या किमतीचा जवळजवळ निम्मा भाग खर्च होतो. म्हणून त्याच दशकात जपानमध्येच लिग्निनचे तंतू करून पाहिले गेले आणि ‘कायाकार्बन’ या नावाने ते थोडा काळ बनविलेही गेले. ताकदीत कमी पडल्याने ते मागे पडले.

नेहमीचा कार्बन तंतू ५ ते ७ मायक्रोमीटर जाडीचा असतो. आम्ही ज्या अतिसूक्ष्म तंतूंविषयी लिहीत आहोत ते याहूनही दहा-वीस पट बारीक असतात. आपल्या डोक्याचा एक केस सुमारे ८० मायक्रोमीटर, म्हणजे ८०,००० नॅनोमीटर जाड धरला तर ४०० नॅनोमीटरचे दोनशे तंतू शेजारी शेजारी ठेवल्यावर त्या केसाएवढी रुंदी भरेल.

इतका बारीक तंतू चरखा किंवा चाती काढू शकत नाही. विदर्भात आपल्या समाजातील अनेक कुटुंबे पूर्वी सूत कातून जाडेभरडे कापड विणीत. सुताला ओढ आणि पीळ लागतो हे त्या हातांना ठाऊक होते. येथे ओढ देण्याचे काम वीज करते. लिग्निनचे दाट द्रावण सिरिंजमध्ये भरतात. सुईला १५ ते २० हजार व्होल्टचा विद्युतदाब देतात आणि साधारण वीतभर अंतरावर धातूचा पत्रा ठेवतात. सुईच्या टोकाशी थेंब जमतो. विजेमुळे तो ताणला जाऊन शंकूसारखा होतो. सर जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये या शंकूचे गणित मांडले म्हणून त्याला टेलर शंकू म्हणतात. शंकूच्या टोकातून द्रावणाची बारीक धार सुटते, ती हवेत चाबकासारखी फिरत फिरत लांबते, द्रावक उडून जातो आणि पत्र्यावर पांढुरक्या वा तपकिरी जाळीचा थर साचतो. याला विद्युत्-कताई म्हणता येईल. या यंत्रावर काम करताना एक हात खिशात ठेवण्याची सवय चांगली, कारण घरातील विजेचा दाब २३० व्होल्टच असतो.

लिग्निन या पद्धतीला सहजासहजी वश होत नाही. त्याचे रेणू आखूड व फांद्याफांद्यांचे असल्याने ते एकमेकांत गुंतत नाहीत. मग धार तुटते आणि तंतूऐवजी गोळ्यांचा फवारा उडतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील डॅलमेयर, को व काड्ला यांनी २०१० मध्ये निरनिराळी कारखानी लिग्निने तपासली. एकट्याने एकही कातता आले नाही. पण पॉलिइथिलीन ऑक्साइड हे लांब साखळीचे बहुवारिक अत्यल्प मिसळताच तंतू निघू लागले. तांदळाच्या पिठाच्या भाकरीला उकड लागते, तसाच हा प्रकार. स्पेनमध्ये मालागा व सेव्हिल येथील संशोधकांनी मात्र २००७ मध्ये अल्कोहोलने काढलेले लिग्निन इथेनॉलमध्ये विरघळवून, सुईभोवती इथेनॉलचेच आवरण वाहते ठेवून, कोणत्याही बहुवारिकाच्या मदतीशिवाय तंतू काढून दाखविले.

अडीच दिवसांची कसोटी

आता सर्वांत नाजूक टप्पा. हा तंतू सरळ भट्टीत घातला तर मेणबत्तीसारखा वितळून सारी जाळी एकजीव होईल. लिग्निन साधारण ९० ते १७० अंशांच्या दरम्यान कुठेतरी मऊ पडते. म्हणून प्रथम हवेत, २०० ते २५० अंशांपर्यंत, अगदी हळूहळू तापवावे लागते. हवेतील ऑक्सिजनमुळे लिग्निनचे रेणू एकमेकांशी जोडले जातात आणि जसजसे जोडले जातात तसतसे मऊ पडण्याचे तापमानही वर सरकते. म्हणजे भट्टीचे तापमान आणि मऊ पडण्याचे तापमान यांची शर्यतच म्हणा ना! भट्टी पुढे गेली की तंतू बुडाला.

ही शर्यत किती सावकाश धावावी लागते? ब्राउन, होल्टमन व काड्ला यांनी २००५ साली क्राफ्ट लिग्निनवर प्रयोग करून दाखविले की तापमान मिनिटाला ०.०६ अंश किंवा त्याहूनही सावकाश वाढविले पाहिजे. विद्यार्थ्यांनी स्वतः आकडा काढून पाहावा. २५ अंशांपासून २५० अंशांपर्यंत २२५ अंश चढायचे. २२५ ला ०.०६ ने भागले की ३७५० मिनिटे येतात, म्हणजे साडेबासष्ट तास. अडीच दिवसांहून जास्त वेळ भट्टी अखंड चालू ठेवायची, मध्ये वीज जाता कामा नये, आणि हे सर्व मुठीत मावेल एवढ्या जाळीसाठी! लिग्निन फुकटच्या भावात मिळते म्हणून तंतू स्वस्त पडेल असे सांगणारे लोक हे साडेबासष्ट तास हिशेबात धरीत नाहीत. आमच्या मते लिग्निनचे तंतू प्रयोगशाळेबाहेर फारसे का आले नाहीत, याची दोन उत्तरे आहेत. एक ताकद आणि दुसरे हे घड्याळ.

हा टप्पा पार पडला की पुढचे काम तुलनेने सोपे असते. नायट्रोजन वायूत ८०० ते १००० अंशांपर्यंत तापविले की हायड्रोजन व ऑक्सिजन निघून जातात आणि मूळ लिग्निनच्या वजनाच्या साधारण चाळीस ते पन्नास टक्के काळा तंतू हाती राहतो.

क्षार कशासाठी?

येथे क्षार म्हणजे केवळ जेवणातले मीठ नव्हे. आम्ल व आम्लारी यांच्या संयोगाने बनणारे सर्व पदार्थ रसायनशास्त्रात क्षारच. लोहाचे नायट्रेट, झिंक क्लोराइड, मॅग्नेशियम नायट्रेट हे धातूंचे क्षार होत.

वनस्पतिजन्य पदार्थात धातूचा क्षार मिसळून मग तो जाळण्याची युक्ती नवी नाही. १९०० व १९०१ साली राफाएल फॉन ऑस्ट्रेय्को यांनी धातूंची क्लोराइडे वापरून सक्रिय कोळसा बनविण्याची पेटंटे घेतली होती. साखर पांढरी करण्यापासून पाणी शुद्ध करण्यापर्यंत हा कोळसा सर्वत्र लागतो. लिग्निनच्या तंतूंत नवे एवढेच की क्षार सूत काढण्यापूर्वीच द्रावणात घालतात, त्यामुळे धातू तंतूच्या अंगभर सारखा पसरतो.

पण ‘क्षार घातला’ एवढे म्हटल्याने काहीच कळत नाही. कोणता क्षार, आणि कोणत्या कामासाठी, हे विचारले पाहिजे. प्रत्येकाचे कार्य वेगळे आहे.

लोहाचा क्षार घेऊ. तो समजण्यासाठी रोझालिंड फ्रँकलिन या थोर विदुषीचे काम माहीत हवे. डीएनएच्या क्ष-किरण छायाचित्रामुळे त्यांचे नाव झाले. पण त्याआधी त्यांनी कोळशावर फार महत्त्वाचे संशोधन केले होते. १९५१ मध्ये त्यांनी दाखविले की कार्बनचे दोन कुळांत वर्गीकरण करता येते. एका कुळातील कार्बन खूप तापविला की त्याचे पापुद्रे एकावर एक नीट बसून ग्रॅफाइट बनते. दुसऱ्या कुळातील कार्बन ३००० अंशांपर्यंत नेला तरी त्याचे ग्रॅफाइट होत नाही, कारण सुरुवातीलाच त्याचे पापुद्रे वेडेवाकडे घट्ट बांधले गेलेले असतात. लाकूड आणि लिग्निन यांचा कार्बन या दुसऱ्या कुळातला. (एक विदुषी कोळशाच्या भुकटीतून हा भेद शोधून काढते, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिनींनी जरूर वाचावी.)

लोहाच्या क्षारामुळे हे कुळाचे बंधन बरेचसे मोडते. तापविताना क्षाराचे प्रथम लोह ऑक्साइड होते. सहाशे-सातशे अंशांच्या पुढे कार्बन त्यातील ऑक्सिजन ओढून घेतो आणि शुद्ध लोहाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. तापलेले लोह कार्बन स्वतःत मुरवून घेते आणि पुन्हा बाहेर टाकते. बाहेर टाकलेला कार्बन मात्र शिस्तीत, ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने कणाभोवती बसतो. बिडाचे लोखंड थंड होताना त्यात ग्रॅफाइटच्या पाकळ्या सुटतात हे फाउंड्रीत काम केलेल्यांना ठाऊक आहे. तोच प्रकार येथे एका तंतूच्या पोटात घडतो. त्यामुळे जे ग्रॅफाइट एरवी ३००० अंशांनाही मिळाले नसते ते काही प्रमाणात ९०० ते १००० अंशांनाच मिळते. तंतूतून वीज अधिक सुलभतेने वाहते आणि तंतू चुंबकाकडे ओढलाही जातो.

याची किंमत काय? लोह ऑक्साइडमधील ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइड बनून बाहेर पडला असे धरले तर समीकरणावरून ११२ भाग लोहामागे ३६ भाग कार्बन खर्च होतो. म्हणजे दहा ग्रॅम लोहामागे सव्वातीन ग्रॅम कार्बन भट्टीतच गेला. शिवाय प्रत्येक कण हा तंतूतील एक गाठ ठरतो आणि ओढ पडली की तंतू गाठीशी तुटतो. म्हणून ज्याला मजबूत तंतू हवा त्याने लोहाच्या वाटेला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रमाणाचा एक हिशेब देतो. बाजारात मिळणाऱ्या स्फटिकी फेरिक नायट्रेटमध्ये पाण्याचे नऊ रेणू असतात व त्याचा रेणुभार ४०४ येतो. त्यात लोह ५६, म्हणजे जेमतेम १४ टक्के. दहा ग्रॅम लिग्निनमध्ये एक ग्रॅम क्षार घातला तर लोह ०.१४ ग्रॅम. तंतूचा कार्बन चार ग्रॅम उरला तर त्यात लोह साडेतीन टक्क्यांच्या आत बसते. ‘दहा टक्के क्षार’ आणि ‘दहा टक्के लोह’ यांत केवढा फरक आहे ते यावरून दिसेल. निबंध वाचताना टक्के कशाचे आहेत हे आधी पाहावे.

मिसळतानाची अडचणही सांगितली पाहिजे. हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करण्याची जुनी रीत आपल्याकडे होती. हिरड्यातील फिनॉल वर्गातील द्रव्ये लोहाला घट्ट धरतात आणि काळा रंग येतो. लिग्निनमध्येही फिनॉलचे गट आहेत. त्यांची पकड हिरड्याइतकी घट्ट नसली तरी ती असतेच. त्यात अल्कली असलेल्या पाण्यातील लिग्निनमध्ये लोहाचा क्षार टाकला तर लोह हायड्रॉक्साइड बनून साका खाली बसतो आणि सुई तुंबते. म्हणून सेंद्रिय द्रावक घेऊन त्यात विरघळणारे लोहाचे संयुग वापरणे सोयीचे पडते. डायमिथिल फॉर्मामाइड हा असा द्रावक आहे. पण तो कातडीतून शरीरात शिरतो व यकृताला घातक आहे, तेव्हा हातमोजे व धुराड्याचे कपाट यांशिवाय त्याला हात लावू नये. नायट्रेट क्षार आणि वाळलेले सेंद्रिय तंतू एकत्र तापवितानाही जपावे लागते, कारण नायट्रेट स्वतःच ऑक्सिजन पुरविते आणि जाळी भपकन पेटू शकते.

दुसरा गट छिद्रे पाडणाऱ्या क्षारांचा. झिंक क्लोराइड लिग्निनमधील पाणी ओढून घेते आणि त्याने व्यापलेली जागा धुतल्यावर पोकळ राहते. मॅग्नेशियम नायट्रेटपासून मॅग्नेशियम ऑक्साइडचे कण बनतात. सौम्य आम्लाने ते धुऊन काढले की कणाच्या आकाराचे छिद्र मागे राहते. पोटॅशियमची संयुगे तर सातशे अंशांच्या वर कार्बनलाच कुरतडतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील हू व शे यांनी २०१३ मध्ये नऊ भाग अल्कली लिग्निन व एक भाग पॉलिइथिलीन ऑक्साइड पाण्यात घेऊन, त्यातच पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून, छिद्रमय तंतू बनविले. हे हायड्रॉक्साइड काटेकोर अर्थाने क्षार नव्हे, आम्लारी आहे. पण काम त्याच जातीचे. अशा तंतूंचा एका ग्रॅममागील पृष्ठभाग एक हजार चौरस मीटरहून अधिक भरतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तेव्हा चिमूटभर काळ्या जाळीत दहा गुंठे जमीन दडलेली आहे! वीज साठविणाऱ्या सुपरकपॅसिटरमध्ये विजेचे आयन या पृष्ठभागावरच चिकटून राहतात, म्हणून तेथे अशा तंतूंना मोल आहे.

प्लॅटिनमचा क्षार घालून उत्प्रेरक तंतू बनविण्याचे काम मालागाच्या गटाने २०१० मध्ये प्रसिद्ध केले. ते महाग आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही. साडेबासष्ट तासांच्या अडचणीवर याच गटाने पुढे फॉस्फोरिक आम्लाचा उपाय काढला व तो काळ पुष्कळच घटविला. ते धातूचा क्षार नसले तरी जिज्ञासूंनी तिकडे अवश्य लक्ष द्यावे.

आधी धुवा, मग घाला

या सगळ्यात एक गंमत आहे. कारखान्यातून आलेल्या क्राफ्ट लिग्निनमध्ये सोडियमचे क्षार आधीपासूनच असतात. ते तसेच राहिले तर भट्टीत कार्बन खातात आणि तंतूत मनमानी भोके पाडतात. मजबूत तंतूसाठी लिग्निनमधील राख ०.१ टक्क्यापेक्षा कमी असावी, असा दंडक अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेतील संशोधकांनी घातला. म्हणजे आधी एक क्षार कसोशीने धुऊन काढायचा आणि मग दुसरा मोजून घालायचा. ज्याने पहिला धुतलाच नाही, त्याला आलेला परिणाम घातलेल्या क्षाराचा की राहिलेल्या क्षाराचा हे कधीच सांगता येणार नाही. क्षार न घातलेली जाळी त्याच भट्टीत, त्याच दिवशी, शेजारी ठेवून तपासली आहे काय, हा पहिला प्रश्न. केसपुत्त गावी तथागतांनी कालामांना केवळ ऐकीव, परंपरागत किंवा मोठ्याने सांगितलेले म्हणून काही मानू नये असे सांगितले. तो उपदेश शास्त्रीय निबंध वाचतानाही सोडण्याचे कारण नाही.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी ब्लॅक लिकर आणून त्यातून घरी लिग्निन काढण्याच्या विचारात असेल तर त्याला ताकीद देतो. त्यात आम्ल ओतताच हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो. त्याचा सडक्या अंड्यासारखा वास थोड्याच वेळात नाकाला कळेनासा होतो आणि तेव्हाच तो जास्त घातक ठरतो. हे काम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, धुराड्याच्या कपाटात, शिक्षकांच्या समक्षच करावे. शुद्ध लिग्निन रसायनांच्या दुकानातून विकत मिळते. सिरिंज पंप, उच्च दाबाचा विद्युत्पुरवठा आणि नळीची भट्टी एवढ्या साहित्यावर पदव्युत्तर विद्यार्थ्याला या विषयात खरे काम करता येते. त्यासाठी परदेशातच गेले पाहिजे असे नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा त्यात विज्ञान शाखाही होती, हे येथे आठवते.

त्या विद्यार्थ्याने एका गोष्टीची मोजणी मात्र सुरुवातीपासून वहीत ठेवावी. छिद्रे उघडण्यासाठी जाळी आम्लाने धुतली की जस्त, मॅग्नेशियम किंवा लोह त्या पाण्यात उतरते. लिग्निनच्या वजनाइतके झिंक क्लोराइड घातले असेल तर दहा ग्रॅम लिग्निनमागे पावणेपाच ग्रॅमच्या आसपास जस्त कुठेतरी जाणार. काही भाग भट्टीतून वाफेवाटे, उरलेला धुण्याच्या आम्लपाण्यात. तंतूचा पृष्ठभाग, विजेची साठवण, तापमान हे सारे निबंधात तक्त्यांनी दिलेले असते. धुण्याचे पाणी किती लिटर झाले, त्यात धातू किती होता आणि ते पाणी नंतर कोठे ओतले, हा रकाना बहुधा रिकामाच असतो.